चेहऱ्यांची उधारी

मराठीत फोटोला दोन क्रियापदं आहेत. बोलताना आपण फोटो 'काढतो' आणि छापताना तो 'टिपतो'. वर्तमानपत्रातल्या छायाचित्राखाली 'आमच्या छायाचित्रकाराने टिपलेला क्षण' असं लिहिलेलं असतं. घरात मात्र 'अगं, माझा एक फोटो काढ ना' असंच म्हणतात. टिपणं हे चिमणीचं काम, दाणा टिपण्याचं. ते शिकाऱ्याचंही काम आहे, सावज टिपण्याचं. दाण्याला किंवा सावजाला त्याचं मत कोणी विचारत नाही. काढणं हे क्रियापद जास्त घरगुती. रांगोळी काढतात, आठवण काढतात, आणि कर्जही काढतात.

रस्त्यावरच्या अनोळखी माणसांच्या नकळत काढलेल्या फोटोंबद्दल, ज्यांना हल्ली सगळेच 'कँडिड' म्हणतात, विचार करताना मला या दोन क्रियापदांमधला फरक उपयोगी पडतो. मी नोकरीने सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे आणि सुट्टीच्या दिवशी फिल्मचा कॅमेरा घेऊन पुण्यात भटकणारा हौशी फोटोग्राफर. आमच्या या जमातीत दोन गोष्टींचं फार कौतुक असतं. पहिली म्हणजे नकळतपणा. कोणी फोटो दाखवला की दाद येते, 'वा, त्याला कळलंसुद्धा नाही!' दुसरी म्हणजे खुद्द फिल्म. फिल्म धीर शिकवते, फिल्म प्रामाणिक असते, छत्तीसच फोटो असल्यामुळे माणूस विचार करून बटण दाबतो, वगैरे. ही दोन्ही कौतुकं इतकी रुळली आहेत की त्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही. मला दोन्हींबद्दल शंका आहे. चांगल्या कँडिड पोर्ट्रेटचं बळ त्याच्या नकळतपणात नसतं असं मला वाटतं, आणि फिल्मचा खरा गुण धीर हा नाही, वेगळाच काहीतरी आहे.

नकळतपणाची बाजू मांडायची तर वॉकर एव्हन्सपासून सुरुवात करावी लागते. १९३८ ते १९४१ या काळात त्याने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतल्या प्रवाशांचे फोटो काढले. ३५ मिलिमीटरचा काँटॅक्स कॅमेरा कोटाच्या आत लपवलेला, त्याचे चकचकीत भाग काळे केलेले, लेन्स दोन गुंड्यांच्या फटीतून डोकावणारी आणि शटरची केबल बाहीतून थेट हातात. कधीकधी सोबतीला हेलन लेव्हिट असे, जी स्वतः पुढे रस्त्यावरची मोठी फोटोग्राफर झाली. समोरच्या बाकावर जो येऊन बसेल त्याचा फोटो. माणूस निवडणं नाही, प्रकाश निवडणं नाही, डोळा कॅमेऱ्याला लावून चौकट ठरवणं तर शक्यच नाही. यामागे एव्हन्सची कल्पना स्पष्ट होती. स्टुडिओत बसलेला माणूस चेहऱ्यावर चेहरा चढवतो. रेल्वेत, अनोळखी लोकांत, हातात काही काम नसताना तो उतरतो, आणि मग जे दिसतं ते खरं.

या फोटोंचं 'मेनी आर कॉल्ड' हे पुस्तक १९६६ मध्ये आलं. त्यात ८९ फोटो आहेत. जेम्स एजीने प्रस्तावना १९४० मध्येच लिहून ठेवली होती. पुस्तक निघालं तेव्हा एजीला जाऊन अकरा वर्षं झाली होती. ते फोटो सावकाश, एकामागून एक बघितले की एव्हन्सच्या कल्पनेला तडे जाताना दिसतात. बरेच प्रवासी खरोखर स्वतःत हरवलेले आहेत. पण हरवलेला चेहरा म्हणजे खरा चेहरा, हे कोणी ठरवलं? पुढच्या स्टेशनची वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा बहुतेक वेळा नुसता रिकामा असतो. पुणे-मुंबईच्या गाडीत सकाळी सात वाजता बसलेल्या आम्हां सगळ्यांचे चेहरे असेच असतात, आणि त्यात आमच्या आयुष्याचं सार वगैरे उतरलेलं नसतं. झोप झालेली नसते, एवढंच. त्या रिकाम्या जागेत दुःख, थकवा, एकाकीपण भरतो तो बघणारा. मंदीतून नुकतंच वर येणारं आणि युद्धाच्या तोंडावर उभं असलेलं शहर, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. ते आपण त्या चेहऱ्यांवर वाचतो.

त्या पुस्तकात मला थांबवतात ते वेगळेच फोटो. काही प्रवासी सरळ समोर बघतायत. त्यांना कॅमेरा दिसत नाही, पण समोर बसलेला, कोटात हात घातलेला माणूस दिसतो. त्यांच्या नजरेत थोडा संशय आहे, थोडा कंटाळा, क्वचित 'काय बघतोस?' असा प्रश्न. म्हणजे एव्हन्सची योजना जिथे पुरती यशस्वी झाली तिथे चेहऱ्यांची नोंद मिळाली, आणि जिथे ती उघडी पडता पडता राहिली तिथे पोर्ट्रेट मिळालं. दोन माणसं एकमेकांसमोर आहेत, यातल्या एकाला दुसऱ्याच्या मनातलं पूर्ण माहीत नाही, आणि तरी दोघंही एकमेकांना मोजतायत. हा व्यवहार त्या फोटोत उतरला आहे.

१९४१ ते १९६६ ही पंचवीस वर्षं एव्हन्स थांबला. यात अडचणींचा भाग असेल, पण त्याने स्वतः या फोटोंना घुसखोरी म्हटलं आहे, आणि तिची धार बोथट व्हावी म्हणून मधे काळ जाऊ दिला असंही सांगितलं आहे. मला हे फार बोलकं वाटतं. घेतलेलं काहीतरी आपल्याकडे आहे हे त्याला माहीत होतं. पण काळ जाऊ देण्याने कोणाचा भार हलका होतो? फोटोग्राफरचा. बाकावरच्या बाईला १९४१ मध्येही काही कळलं नाही आणि १९६६ मध्येही नाही. सावकाराच्या वहीतलं कर्ज जुनं झालं म्हणून फिटत नाही. ऋणको विसरला, एवढंच होतं.

एव्हन्सच्या आधीही हे चाललेलंच होतं. पॉल स्ट्रँडने १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका अंध बाईचा फोटो काढला. त्यासाठी त्याने कॅमेऱ्याच्या एका बाजूला खोटी लेन्स बसवली होती, म्हणजे लोकांना वाटावं हा भलतीकडेच बघतोय. तरुण एव्हन्सवर या फोटोचा खोल परिणाम झाला होता. बाईच्या गळ्यात 'ब्लाइंड' अशी ठळक पाटी आहे, आणि तिच्या वर एक छोटा बिल्ला. तो फेरीवाल्याचा परवाना आहे. रस्त्यावर उभं राहून विकण्याची तिला महापालिकेने रीतसर परवानगी दिलेली आहे. तिला जे दिसू शकत नाही ते लपवण्यासाठी खोटी लेन्स वापरणाऱ्या माणसाकडे मात्र कसलाच परवाना नाही. स्ट्रँडला हे अभिप्रेत होतं की नाही हा प्रश्न वेगळा, फोटोत ते आहे.

परवान्याची ही गोष्ट आणखी एका प्रसिद्ध ठिकाणी लपलेली आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँचं १९५२ चं पुस्तक जगाला 'द डिसिसिव्ह मोमेंट' म्हणून माहीत आहे. 'निर्णायक क्षण' हा शब्दप्रयोग मराठी फोटोग्राफीच्या वर्गातही पहिल्या दिवशी शिकवतात. पण मूळ फ्रेंच नाव 'इमाज आ ला सोव्हेत' असं आहे. 'आ ला सोव्हेत' हे प्रामुख्याने विनापरवाना फेरीवाल्यासाठी वापरतात. चादर पसरून माल मांडलाय, एक कान पोलिसाकडे आहे, आणि चाहूल लागली की चारही कोपरे उचलून गाठोडं करून पसार. दादरला किंवा लक्ष्मी रोडला पालिकेची गाडी येते तेव्हाची पळापळ ज्याने पाहिली आहे, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी नावात क्षणाचा निवाडा करणारा न्यायाधीश आला. फ्रेंच नावात फोटोग्राफर आहे तो चोरटा विक्रेता, ज्याला आपण इथे उभं राहणं पूर्ण वैध नाही याची जाणीव आहे. जगभरच्या हौशी लोकांनी न्यायाधीश उचलला आणि फेरीवाला विसरून टाकला. आणि कार्तिए-ब्रेसाँ? आपला स्वतःचा फोटो काढलेला त्याला आवडत नसे. अनोळखी राहणं ही रस्त्यावरच्या फोटोग्राफरची भांडवली रक्कम आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं.

या भांडवलाचा हिशेब शेवटी कोर्टात झाला. फिलिप-लॉर्का डीकॉर्सिया या अमेरिकन फोटोग्राफरने १९९९ ते २००१ या काळात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये 'हेड्स' ही मालिका केली. रस्त्यावरच्या बांधकामाच्या पराती-फळ्यांवर त्याने फ्लॅश बांधले, ठराविक जागी प्रकाश पडेल असं केलं, आणि लांब लेन्स घेऊन दूर उभा राहिला. एखादा माणूस त्या जागी आला की फ्लॅश उडे. दिवसाउजेडी, जाहिरातींच्या झगमगाटात, कोणाला पत्ता लागत नसे. तीन हजारांवर फोटोंमधून त्याने सतरा निवडले. मोठ्या आकारातल्या या प्रिंट बघताना माणूस दबकतो. मागे गडद काळोख, आणि त्यातून एकच डोकं उजळून निघालेलं, जुन्या डच चित्रांमधल्यासारखं. पोस्ट टाकायला निघालेला माणूसही इथे नियतीकडे चालल्यासारखा दिसतो.

एव्हन्सची कल्पना इथे पुरती उलटी होते, आणि डीकॉर्सियाचं श्रेय हे की तो ती उघडपणे उलटी करतो. हे चेहरे शंभर टक्के नकळत टिपलेले आहेत, आणि शंभर टक्के रचलेले. त्यांचं गांभीर्य फ्लॅशच्या कोनातून आलेलं आहे. नकळतपणा आणि सत्य यांचा काही संबंध असतो या समजुतीवरचं इतकं थंड भाष्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या सतरा डोक्यांमध्ये एक पांढऱ्या दाढीचे, काळी हॅट घातलेले हसिदिक ज्यू गृहस्थ होते. प्रदर्शन २००१ मध्ये झालं, आणि आपला चेहरा गॅलरीत विकला गेलाय हे त्यांना कळलं २००५ मध्ये. एकेका प्रिंटची किंमत हजारो डॉलर होती. त्यांनी दावा लावला. हरकतीचं एक कारण धार्मिक होतं: मूर्ती-प्रतिमा करू नये या आज्ञेचा त्यांच्या समजुतीनुसार भंग झाला होता. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दावा फेटाळला. तिथला कायदा परवानगीशिवाय कोणाचा चेहरा जाहिरातीसाठी किंवा व्यापारासाठी वापरायला मनाई करतो, पण हे फोटो कला आहेत आणि कलेला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असं न्यायालय म्हणालं. शिवाय असा दावा पहिल्या प्रकाशनापासून वर्षभरात लावावा लागतो, आणि ते वर्ष कधीच उलटलं होतं. पुढच्या न्यायालयांतही त्यांना यश आलं नाही.

फोटोग्राफर म्हणून मला हा निकाल योग्य वाटतो. तो उलटा लागला असता तर रस्त्यावरची फोटोग्राफी वकिलाच्या खिशात गेली असती. पण मुदतीचा मुद्दा मला सोडत नाही. ज्याला घेतलं गेल्याचंच माहीत नव्हतं, त्याच्यासाठीही घड्याळ चालू होतं. एव्हन्सच्या पंचवीस वर्षांसारखंच, इथेही काळ फोटोग्राफरच्या बाजूने चालला. कायद्याने एवढंच सांगितलं की वसुली करता येणार नाही. देणं होतं की नव्हतं, हे त्याने सांगितलं नाही. ते सांगण्याचं काम समीक्षेचं आहे, आणि आपल्याकडे फोटोवर जे लिहिलं जातं त्यात प्रकाश, रचना आणि 'क्षण' यांच्यापुढे गाडी क्वचितच जाते.

आता फिल्मकडे येतो. डीकॉर्सिया, एव्हन्स, स्ट्रँड सगळे फिल्मवर किंवा काचेवर काम करत होते कारण दुसरं काही नव्हतं किंवा ते सरस होतं. माझ्या पिढीचे लोक फिल्मकडे हौसेने परत गेलेत, त्यामुळे आम्हांला कारणं द्यावी लागतात. खर्च धरला तर रंगीत रोल, डेव्हलपिंग आणि स्कॅनिंग मिळून हजार रुपयांच्या पुढे सहज जातं. म्हणजे एका फोटोला तीसेक रुपये. 'म्हणून माणूस जपून काढतो' हे खरं आहे. पण जपतो तो पैसे. समोरच्या माणसाला जपतो असं त्यातून सिद्ध होत नाही.

उलट, फिल्म समोरच्या माणसाकडून एक हक्क काढून घेते, आणि त्याबद्दल आम्ही कोणी बोलत नाही. डिजिटल कॅमेऱ्याच्या काळात रस्त्यावर एक नवी रीत तयार झाली आहे. माणसाला कळलं की तो म्हणतो, 'दाखव बरं.' आपण स्क्रीन पुढे करतो. तो हसतो, किंवा 'परत काढ' म्हणतो, किंवा 'डिलीट कर' म्हणतो. दहा सेकंदांत व्यवहार मिटतो. हा रोखीचा व्यवहार आहे. फिल्ममध्ये दाखवायला काही नसतं. पुण्यात रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. तिथे कुलपं, नळाच्या तोट्या आणि जुने पाने विकायला बसलेल्या एका काकांचा मी असाच फोटो काढला. त्यांनी मान वर केली.

'दाखव की.'

'काका, रोलचा कॅमेरा आहे. धुतल्याशिवाय दिसत नाही.'

'म्हणजे आम्ही तुझ्यावर विश्वास ठेवायचा.'

त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. व्यवहाराच्या अटी नीट समजून घेत होते. मग त्यांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि म्हणाले, 'आता काढ.' कँडिडच्या नियमानुसार तो दुसरा फोटो बाद. दोन आठवड्यांनी मी दोन्ही फोटोंच्या प्रिंट घेऊन गेलो. पहिल्याकडे त्यांनी ओझरतं बघितलं. दुसरा बराच वेळ लांब धरून पाहिला आणि विचारलं, 'मागं ही हातगाडी कशाला घेतली?' बरोबर होतं. हातगाडीचा दांडा त्यांच्या खांद्यातून उगवल्यासारखा दिसत होता. प्रदर्शनाला येणाऱ्या कोणी मला हे सांगितलं नसतं. ते सगळे पहिल्या फोटोतल्या 'सहजते'बद्दल बोलले असते.

प्रिंट परत गेल्यावर फोटोतला माणूस प्रेक्षक होतो, आणि अनेकदा तो सगळ्यात कडक प्रेक्षक असतो. फिल्मच्या फोटोत हे होईपर्यंत मधे दिवस जातात, आठवडे जातात, आणि बहुतेक वेळा ते होतच नाही. गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये वारला तेव्हा न धुतलेले सुमारे अडीच हजार रोल मागे राहिले. एका रोलमध्ये ३६ धरले तर नव्वद हजार फोटो होतात. तो मुद्दामच रोल धुवायला उशीर करत असे, काढतानाच्या भावनेचा निवडीवर परिणाम होऊ नये म्हणून. फिल्मवाले ही गोष्ट धीराचा आदर्श म्हणून सांगतात. मला त्या नव्वद हजारांच्या आकड्यात फक्त उधारी दिसते: इतक्या चौकटींतले लोक, जे त्यांनी स्वतः पाहिले नाहीत आणि घेणाऱ्यानेही पाहिले नाहीत.

मग डिजिटलच बरं, असं कोणी म्हणेल. इथे माझा धंदा मधे येतो. मेमरी कार्डावरचा फोटो 'डिलीट' केला की फोटो जात नाही. त्याची नोंद जाते. ही जागा आता मोकळी आहे, एवढं कार्ड लिहून ठेवतं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो तिथेच असतो आणि साध्या सॉफ्टवेअरने परत मिळतो. फोन असेल तर तोपर्यंत एक प्रत क्लाउडवर गेलेलीही असू शकते. म्हणजे रस्त्यावरचा तो दहा सेकंदांचा रोख व्यवहार बराचसा शिष्टाचार आहे. समोरच्याला नोट दिल्यासारखी दिसते, खरी आहे की नाही ते त्याला तपासता येत नाही.

आणि इथेच फिल्मचा तो वेगळा गुण आहे, ज्याबद्दल मी सुरुवातीला म्हणालो. रोल एकच असतो. तो देऊन टाकता येतो.

हे कोणी खरोखर केलं आहे का? दयानिता सिंग यांनी केलं. १९८९ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'साठी दिल्लीतल्या हिजड्यांचे फोटो काढण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्यात त्यांना मोना अहमद भेटल्या आणि त्यांनी फोटो काढूही दिले. फोटो लंडनला छापले जाणार हे कळल्यावर मोना बिथरल्या. तिकडे त्यांचे नातेवाईक होते. त्यांनी रोल परत मागितला. दयानितांनी तो कॅमेऱ्यातून काढून हातात दिला, आणि मोनांनी तो फेकून दिला. काम गेलं. पुढे दीर्घकाळ चाललेली मैत्री तिथून सुरू झाली, आणि २००१ मध्ये 'मायसेल्फ मोना अहमद' हे पुस्तक आलं. त्यात मोनांनी प्रकाशकाला लिहिलेल्या ईमेल आहेत. फोटोतलं माणूस तिथे स्वतःच्या फोटोंबद्दल स्वतः बोलतं. भारतीय फोटोग्राफीतल्या सर्वांत चांगल्या पोर्ट्रेट-पुस्तकांपैकी एक हे पुस्तक एका फेकून दिलेल्या रोलवर उभं आहे. डिजिटल कॅमेऱ्याने ही गोष्ट घडली नसती. 'डिलीट केलं हं' या शब्दांना त्या रोलचं वजन आलंच नसतं.

अर्थात, परवानगी मिळाली, ओळख झाली की हिशेब संपला, असंही नाही. मुंबईच्या फॉकलंड रोडवर, ज्याला आता पठ्ठे बापूराव मार्ग म्हणतात, मेरी एलन मार्क दहा वर्षं फोटो काढायचा प्रयत्न करत होती. शिव्या मिळाल्या, अंगावर कचरा आला. १९७८ मध्ये ती तिथेच ठाण मांडून बसली, तेव्हा हळूहळू काही बायकांनी तिला घरात घेतलं. १९८१ चं तिचं पुस्तक चोरटं नाही. त्यातल्या बायका तिच्याकडे बघतात, कधी त्रासून, कधी लाडाने. पण ते इंग्रजी पुस्तक अमेरिकेत छापलं गेलं, तिथल्या वाचकांसाठी. फोटोंतली जवळीक खरी असूनही पुस्तकाची पाठ त्या रस्त्याकडे आहे. परवानगी ही घेण्याची गोष्ट आहे. देणं तिच्यानंतर सुरू होतं.

आणि देण्याचा प्रश्नच ज्यात उरला नाही, अशी व्हिव्हियन मायर. शिकागोत मुलं सांभाळणाऱ्या या बाईने एक लाखावर निगेटिव्ह मागे ठेवल्या. गोदामाचं भाडं थकलं म्हणून २००७ मध्ये तिच्या पेट्यांचा लिलाव झाला आणि जग तिला ओळखू लागलं. तिची दंतकथा 'चोरून फोटो काढणारी गूढ बाई' अशी आहे. पण तिचा रोलायफ्लेक्स कॅमेरा पोटाशी धरावा लागतो आणि वरून, मान खाली घालून त्यात बघावं लागतं. समोरच्याला दिसते ती झुकलेली मान. लेन्स खालून वर बघत असल्यामुळे रस्त्यावरचा साधा माणूस फोटोत उंच होतो. तिचे सगळ्यात चांगले फोटो तेच आहेत ज्यांत कोणीतरी तिच्याकडे वरून, रोखून बघतंय: एखादी फरकोटातली बाई वैतागून, एखादं पोर तोंडभर मळ घेऊन. नकळतपणाचा तिथे मागमूस नाही. एव्हन्सच्या कोटाच्या फटीपासून निघून आपण पुन्हा तिथेच पोचतो: पोर्ट्रेट होतं ते नजर परत आल्यावर.

मग नकळत काढलेले सगळे फोटो टाकून द्यायचे का? नाही. एव्हन्सचे ८९ फोटो जगातून नाहीसे व्हावेत असं मला मुळीच वाटत नाही. त्यातल्या माणसांना कधीच विचारलं गेलं नाही, आणि तरी १९४० चं न्यूयॉर्क मला त्यांच्यामुळे माहीत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांचं जमाखर्चाने शून्य होत नाही. मला फक्त दाद देण्याची कसोटी बदलायची आहे. 'त्याला कळलंच नाही' या ऐवजी विचारावं: हा फोटो त्या माणसाच्या हातात ठेवता येईल का? ठेवता येणार नसेल तर का नाही? कधीकधी उत्तर फोटोच्या बाजूने जाईल. पण बाकावर झोपलेल्या मजुराचं उघडं तोंड, भिकाऱ्याचा हात, मंडईत चिडलेल्या बाईचा वाकडा ओठ, असे आमच्या हौशी प्रदर्शनांत दरवर्षी दिसणारे बरेच फोटो या प्रश्नापुढे टिकणार नाहीत.

ही कसोटी आज जास्त निकडीची आहे, कारण रोल एकच असतो हा गुण स्कॅन होताक्षणी संपतो. फिल्मवाले आपले स्कॅन नेटवर टाकतातच, मीही टाकतो. २०१९ मध्ये आयबीएमने फ्लिकरवरच्या फोटोंमधून सुमारे दहा लाख चेहऱ्यांचा संच संगणकाला चेहरे ओळखायला शिकवणाऱ्या संशोधकांसाठी जाहीर केला. ते फोटो वापरायला खुले आहेत, असा परवाना फोटोग्राफरांनी दिलेला होता. चेहऱ्यांनी दिलेला नव्हता. स्ट्रँडच्या फोटोत परवाना निदान त्या बाईच्या गळ्यात तरी होता.

पुण्यात हौशी फोटोग्राफरांची प्रदर्शनं बालगंधर्वच्या कलादालनात भरतात. भिंतीवर मंडईतले, जुन्या बाजारातले, कसब्यातले चेहरे असतात, आणि समोर आमचेच मित्र, आमचेच नातेवाईक. मंडई तिथून चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. यापुढच्या एखाद्या प्रदर्शनाचा पहिला दिवस मंडईतच, दोऱ्या बांधून, कपड्यांच्या चिमट्यांनी प्रिंट लटकवून करावा, असं मी आमच्या गटात सुचवलं आहे. काही जणांना कल्पना आवडली. काहींनी विचारलं, 'आणि कोणी म्हणालं की माझा फोटो काढून टाका, तर?'

'काढणे' या क्रियापदाचा हाही एक अर्थ आहे. कोणी तसं म्हणालं, तर तो फोटो दोरीवरून उतरवून त्यांच्या हातात द्यायचा. निगेटिव्हसकट.